अक्काची उघडी बॅटरी

परवा आमच्या तंत्रनिकेतनाच्या दारात शिवलीला अक्काची बॅटरी काचेच्या पेटीत ठेवली. पेटीला कुलूप घातलं. किल्ली प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात गेली. वर पितळी पाटी, पाटीवर पहिलं नाव प्राचार्यांचं, दुसरं संस्थेच्या अध्यक्षांचं, आणि तळाला, लग्नपत्रिकेत छापखान्याचं नाव असतं तेवढ्या अक्षरात, ‘सहकार्य : श्रीमती शिवलीला’. आडनावसुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. शेजारचे वर्कशॉपवाले सर कानात म्हणाले, ‘‘मॅडम, हात तरी हलवा, प्राचार्य बघायलेत.’’ मी म्हटलं, ‘‘बघू द्या.’’

जिनं जन्मात कशाला कुलूप लावलं नाही, तिची वस्तू कुलपात! अहो, ती बॅटरी ज्यासाठी केली होती तेच ह्या लोकांनी काच लावून मारून टाकलं, आणि वर हार घातला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शांत झाल्यावर लिहावं म्हणतात. मी शांत झाले तर लिहिणारच नाही, माझा मला भरवसा आहे, म्हणून आजच बसले.

आमचं तंत्रनिकेतन बिदर जिल्ह्यात, औरादच्या बाजूला. अक्का तिथं विद्युत शाखेला शिकवायची, मी गणित. वर्गात कन्नड आणि इंग्रजी, स्टाफरूममध्ये मराठी, आणि अक्काला राग आला की ह्या तिन्ही आणि वर दखनी. ती ठाणाकुशनूरची. लिंगायत घर, वडिलांची पिठाची गिरणी. बुटकी, कपाळावर भस्माची तीन बोटं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा, विभूतीची डबी आणि हिरव्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. आमची नावं तिनं कधी घेतली नाहीत. ज्याचा जो विषय ते त्याचं नाव. मला ‘‘ये गणित!’’ म्हणून कॉरिडॉरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक. प्राचार्य मूळचे सिव्हिलचे, त्यांना तोंडावर ‘सर’ आणि पाठीमागं ‘सिव्हिल’. खरं म्हणजे पाठीमागं असं तिचं काही नव्हतंच, तिचा आवाज भिंतीपलीकडं जायचा.

कोणतीही वस्तू दिसली की तिचा पहिला प्रश्न, ‘‘उघडतंय का?’’ उदगीरला आम्ही दोघी खरेदीला जायचो. इस्त्री घ्यायची असो की पंखा, दुकानदार रंग दाखवायचा, हमी सांगायचा, आणि अक्का ती वस्तू पालथी करून तळ बघायची. स्क्रू दिसले नाहीत की परत ठेवायची. ‘‘उघडत न्हाई तर मग आणलास कामून विकायला?’’ दुकानदार माझ्याकडं बघायचा, मी छताकडं बघायचे. एकदा माझ्या पुतणीला स्थळ आलं, मुलाचा फोटो सगळ्यांनी बघितला. अक्का म्हणाली, ‘‘फोटो ऱ्हाऊ दे. पोरगं उघडतंय का ते बघा, न्हाईतर जन्मभर घुम्यासोबत बसंल ती.’’ पुतणी इतकी हसली की स्थळच बारगळलं.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी माझा मिक्सर बंद पडला. दुसऱ्या दिवशी शेतात पंधरा-वीस माणसं जेवायला, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी करायची, कूट व्हायचं बाकी, आणि हे भांडं बसलं रुसून. मेकॅनिक म्हणाला, नवा घ्या. अक्काला कळलं तशी ती आली, पालथा केला, आणि तिचा चेहरा बदलला. ‘‘रिबिटा! ग गणित, रिबिटा मारल्यात! स्क्रू लावायला ह्यांच्या हाताला काय झालं होतं?’’ तिनं वर्कशॉपमधून ड्रिल आणवलं, एकेक रिबीट फोडलं, आतला झिजलेला कार्बनचा तुकडा बदलला आणि रिबिटांच्या जागी नटबोल्ट बसवले. मिक्सर अजून चालतो. दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीपाशी बसून अंबील पिता पिता तिनं त्या मिक्सरवाल्या कंपनीला जे सुनावलं ते ऐकून माझे सासरे म्हणाले, ‘‘ह्या बाईला सभेत उभी करा कुणीतरी.’’

पण हीच बाई वर्गात वेगळी. मुलांवर ती कधी ओरडल्याचं मी ऐकलं नाही. धडा सांगून झाला की विचारायची, ‘‘कळलं का?’’ सगळी पोरं एका सुरात ‘हो’ म्हणायची. मग ती एकाला पुढं बोलवायची, स्क्रू ड्रायव्हर हातात द्यायची आणि म्हणायची, ‘‘मग उघड.’’ त्याला जमलं तर पुढचा धडा. नाही जमलं तर फळा पुसून पहिल्यापासून. ‘‘तुला न्हाई कळलं म्हणजे मी नीट सांगितलं न्हाई,’’ एवढंच बोलायची. आमच्यातले बाकीचे, मीही त्यात, पोरांना न कळल्याचं खापर पोरांवर फोडून मोकळे होतो. तिला ते जमायचंच नाही. पोरगं नापास झालं की हिला जेवण जायचं नाही.

बॅटरीचं खूळ गाणगापूरला सुरू झालं. माझ्या सासूबाईंचा गुरुवार होता, आम्ही जीप केली. अक्काची धाकटी बहीण खजुरीला, तिला येताना भेटू म्हणून अक्का सोबत आली. देवळात मात्र आली नाही. ‘‘तुम्ही तुमच्या देवाला भेटा, मी बसते इथं,’’ म्हणून रिक्षाच्या थांब्यावर लिंबाखाली बसली. चैत्राचं ऊन होतं. देऊळ ते संगम यात्रेकरूंना नेणाऱ्या बॅटरीच्या रिक्षा तिथं ओळीनं उभ्या असतात. त्यातला एक महेबूब नावाचा रिक्षावाला डोक्याला हात लावून बसला होता. त्याची बॅटरी मेली होती.

तो म्हणाला, ‘‘एक सेल गई बोलते अक्का, पूरा डब्बा फेको बोलते.’’

‘‘उघडून बघितलं का कुणी?’’

‘‘खुलताइच नै ना. चिपकाको दिए.’’

आम्ही प्रसाद घेऊन बाहेर आलो तर अक्का भर रस्त्यात पदर खोचून उकिडवी बसलेली आणि महेबूब पहारीनं डब्याचं झाकण फोडायलाय. भोवती माणसं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अग, ऊन लागंल तिला.’’ झाकण फुटलं. आतले सगळे सेल एका पट्टीला जोडून टाकलेले, एकही सुटा होत नव्हता. अक्कानं शेजारच्या दुकानातून मीटर आणून एकेक तपासला. एकच फुगला होता. बाकी सगळे चांगले.

‘‘बाकीचे धडधाकट हायत!’’ ती ओरडली. ‘‘घरातलं एक मेलं म्हणून सगळ्या घराला पुरायलेत का?’’

महेबूबनं त्या डब्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले होते. खजुरीला बहिणीच्या घरी अक्का चहा प्यायली, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, पण बोलली काही नाही. परत येताना जीपमध्येही गप्प. ती गप्प बसली की मला भीती वाटायची.

मग सुरू झालं. कॉलेज सुटल्यावर ती लॅबमध्ये, सुट्टीत लॅबमध्ये. मला त्यातलं फार कळत नाही, पण तिनं मला सांगितलं आणि तिनं सांगितलं म्हणजे कळलंच. बॅटरी म्हणजे एक सबंध वस्तू नसते, छोट्या सेलांचे गठ्ठे असतात, त्या एका गठ्ठ्याला मॉड्यूल म्हणतात. तिनं असं मॉड्यूल केलं की त्यात सेल जोडून टाकायचेच नाहीत, दोन्ही बाजूंनी तांब्याच्या पट्ट्यांनी दाबून धरायचे. एक स्क्रू सैल केला की ओळ मोकळी. मेलेला सेल काढा, नवा बसवा, स्क्रू आवळा, चालू पडा. सेलांच्या मधून खालून वारा जाईल एवढी फट. तिला जो भेटेल तो म्हणायचा, आमच्या रस्त्यांवर हे दाबलेलं सैल पडणार. त्यावर तिनं पाचर काढली. कुदळीच्या दांड्याला मारतो तशी पाचर, पण अशी तिरकी बसवलेली की गाडी जितकी आदळेल तितकी ती आत सरकून जास्त घट्ट होणार. औरादच्या रस्त्यावरून तिनं ते मॉड्यूल किती वेळा फिरवलं देव जाणे. आमचा शिपाई म्हणायचा, माझी कंबर सैल झाली, पाचर न्हाई झाली.

हे बाहेर कळलं तसा एका कंपनीचा माणूस आला. प्राचार्यांच्या खोलीत चहा, बिस्किटं. त्याला वस्तू फार आवडली. एकच बदल करायचा म्हणाला. झाकण चिकटवून बंद करू, गिऱ्हाईकानं उघडता कामा नये.

‘‘मग माझं त्यात ऱ्हायलं काय?’’ अक्कानं विचारलं.

तो म्हणाला, मॅडम, उघडता आलं तर नवी कोण घेईल?

अक्का उठली, त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. तो अर्धा चहा तसाच राहिला. प्राचार्य ‘मॅडम, मॅडम’ करत राहिले. खोलीबाहेर येऊन मला म्हणाली, ‘‘गणित, मी आता पेटंट घेते. पेटंट आपल्या हातात आलं की बनवणाऱ्याला आपल्याकडं यावं लागतंय. मग मी एकच अट लिहून देते. पैसा नगं, काई नगं, झाकण चिकटवायचं न्हाई. चिकटवलं तर बनवू देत न्हाई.’’ एवढंच हवं होतं तिला. लोकांना वाटतं पेटंट म्हणजे बंगला आणि गाडी. ह्या बाईला एक झाकण उघडं ठेवायचं होतं.

अर्ज संस्थेमार्फत जायचा होता, प्राचार्यांची सही लागत होती. आणि इथं आमच्या सिव्हिलनी आपला हिसका दाखवला. त्यांना आपलं नाव पहिलं पाहिजे. खालचं नव्हे, पहिलं! अक्का त्यांच्यासमोर मॉड्यूल घेऊन गेली. ‘‘सर, ह्यातली कोणती पाचर तुम्ही ठोकली दाखवा, आत्ता नाव घालते.’’ ते म्हणाले, संस्थेची काही पद्धत असते. फाइल त्यांच्या टेबलावर पडून राहिली. पोळा गेला, गणपती गेले. हैदराबादचा जो एजंट अर्ज करून देणार होता, तो फोनवर बजावायचा की अर्ज दाखल होईपर्यंत वस्तू कुणालाही दाखवू नका, एकदा जाहीर झाली की ती नवी राहत नाही, पेटंट नव्यालाच मिळतं. अक्का ‘व्हय व्हय’ म्हणायची. आणि खंडेनवमी आली.

आता खंडेनवमी, आयुधपूजा, सगळीकडंच होते. लोक गाड्या धुतात, हत्यारांना हळदकुंकू लावतात, हार घालतात. अक्काच्या घरची तऱ्हा निराळी. तिच्या आप्पांची गिरणी त्या दिवशी सबंध खोलली जायची. तळी, पट्टा, बेअरिंग, नट, सगळं पुसून, तेल देऊन पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडायचे, आणि गावाला बोलवायचे. आप्पा येईल त्याला सांगायचे, हे काय, ते काय, कशानं दाणा फुटतो. फुलं नाहीत, आरती नाही. झाकलेल्या हत्याराला कसला नमस्कार, असं त्यांचं म्हणणं. अक्कानं ती चाल आमच्या लॅबमध्ये आणली होती. दरवर्षी त्या दिवशी मोटारी, ट्रान्सफॉर्मर, सगळं उघडून चादरीवर, आणि शहरातलं कुणीही यावं, बघावं. त्या वर्षी चादरीच्या मधोमध तिनं मॉड्यूल मांडलं. झाकण बाजूला काढून.

मी म्हटलं, ‘‘अक्का, एजंट काय म्हणालाय?’’

‘‘ते बाहेरच्यांना दाखवायचं न्हाई म्हणालाय त्यो. खंडेनवमीला कोण परकं असतंय ग?’’

हे तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या डोक्यात त्या दिवशीची माणसं म्हणजे आप्पांच्या गिरणीत आलेलं गाव. त्यांच्यासमोर वस्तू झाकायची म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवायचं. लोक आले. अक्का एकेकाला समजावत होती, पाचर कशी सरकते, सेल कसा निघतो. कँटीनच्या सुलोचनाबाई पुढं आल्या. ‘‘कळलं का?’’ अक्कानं विचारलं. सुलोचनाबाईंनी पदराला हात पुसले, स्क्रू सैल केला, सेल काढला, परत बसवला, मॉड्यूलला जोडलेला दिवा लागला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. अक्का लहान पोरीसारखी हसत होती. तेवढ्यात प्राचार्य झेंडूचा हार घेऊन आले, हार मॉड्यूलला घातला आणि आरतीचं ताट ओवाळू लागले. मोबाईलवर सुरुवातीपासून चित्रण करायला त्यांनीच एकाला उभं केलं होतं. संध्याकाळच्या आत तो सगळा व्हिडिओ संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असा. पहिलं नाव नाही मिळालं, निदान पहिलं तोंड दिसावं.

सही दिवाळीनंतर झाली, तीही अध्यक्षांचा फोन आला म्हणून. पुढं पेटंट कार्यालयाकडून तपासणीचा अहवाल आला. बाकी दोनचार शंका होत्या, पण मुख्य आक्षेप एकच. ही रचना अर्जाच्या आधीच जाहीर झालेली आहे. पुरावा, संस्थेचा स्वतःचा व्हिडिओ. प्राचार्यांना कळलं तेव्हा ते काय म्हणाले असतील? म्हणाले, ‘‘बघा, आपलं पान तिथंपर्यंत बघतात.’’ खोटं सांगत नाही, माझ्यासमोर म्हणाले. मी त्या दिवशी काही फेकून मारलं नाही ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. अक्कानं तो व्हिडिओ लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, स्वतःचा आवाज ऐकत.

सुनावणी कॉम्प्युटरवरून होती. आदल्या दिवशी एजंट स्वतः आला. हुशार माणूस, वाईट म्हणणार नाही. त्यानं वाट काढली होती. व्हिडिओत हार आहे, ताट आहे, मागं वाजप आहे. आपण म्हणू की फुलांमुळं रचना दिसत नाही, गोंगाटात बोलणं कळत नाही, हे बघून कुणालाही ही वस्तू बनवता येणार नाही. मग ती जाहीर झाली असं होत नाही. ‘‘मॅडम, तुम्ही एवढंच म्हणा, की बघणाऱ्याला त्यातून काही कळलं नाही. बाकी मी सांभाळतो.’’

मी म्हटलं, चला, सुटलो. अक्का मान हलवत होती, ती कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आम्ही चौघं बसलो, अक्का, एजंट, प्राचार्य आणि कडेला मी. पडद्यावर पेटंटचे अधिकारी. मवाळ बोलणारे, पुन्हा पुन्हा ‘मॅडम, तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा’ म्हणणारे. एजंटनं आपलं म्हणणं मांडलं, फुलं, गोंगाट, सगळं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ अक्काला विचारलं, मॅडम, ह्या व्हिडिओत तुम्ही समजावताय, ते बघून ह्या विषयातल्या माणसाला ही वस्तू बनवता येईल का?

एजंटनं टेबलाखाली हातानं खूण केली.

अक्का म्हणाली, ‘‘येईल.’’

अधिकारी म्हणाले, नीट विचार करून सांगा.

‘‘विचार करूनच सांगायलेय साहेब. सगळं दिसतंय. पाचर दिसती, स्क्रू दिसतोय. मी सांगितलेलं ऐकू येतंय. आमच्या कँटीनच्या बाईनं एकदा ऐकून सेल काढून दाखवला, ते बी त्यात हाय. कळलं न्हाई असं मी कसं म्हणू?’’

अर्ज नामंजूर झाला. नियमानं बघितलं तर बरोबरच झाला. त्या अधिकाऱ्यांवर मला रागावता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी अक्कावर मात्र रागावले. अशी रागावले की शिपाई दार लावून निघून गेला.

‘‘कामून बोललीस तसं? एक वाक्य! एक वाक्य बोलायचं होतं!’’

‘‘कोणतं?’’

‘‘की कुणाला काही कळलं नाही.’’

ती खुर्चीत बसली, चष्मा काढला. डोळे लाल होते, आवाज चढलेला. ‘‘सुलोचनाला कळलं होतं ग. तिनं माझ्यासमोर सेल काढला. मी त्या साहेबाला सांगू की माझं शिकवणं कुणाला कळत न्हाई? इतक्या पोरांना विचारत आले कळलं का, कळलं का, अन् आता मीच म्हणू न्हाई कळलं? झाकण वाचवायला माझं तोंडच चिकटवून घेऊ का?’’ मग म्हणाली, ‘‘जा आता. मला एकटीला रागावू दे.’’

ती बरोबर होती हे मला आज कळतं, पण तेव्हा पटलं नव्हतं, आणि खरं सांगू, अर्धं मन अजून पटवून घेत नाही. कारण पुढं काय झालं? ती वस्तू कुणाचीच राहिली नाही म्हटल्यावर जो अर्धा चहा सोडून गेला होता त्याच माणसाच्या कंपनीनं ती बनवली. पाचर तीच, फट तीच, तांब्याच्या पट्ट्या त्याच. आणि झाकण? डिंकासारखं काहीतरी काळं लावून चारही बाजूंनी बंद! वर लाल अक्षरांत, उघडल्यास हमी संपेल. अडवणार कोण? अडवायचा कागद अक्काकडं नव्हता. बाजारात ती बॅटरी आली तेव्हा आमच्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, आपल्या संस्थेची कल्पना म्हणून. अक्कानं पेढा घेतला नाही. राजीनामा त्यांच्या ताटात पेढ्यांवर ठेवला आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. खजुरीला बहिणीकडं गेली. निरोपसमारंभ नको म्हणून तिनं आधीच बजावलं होतं, तरी ह्यांनी तिच्या गैरहजेरीत केला आणि फोटो काढले.

त्यानंतर ती मला भेटली ती गाणगापूरलाच. सासूबाईंना नवरात्रात जायचं होतं, आम्ही खंडेनवमीच्या दिवशी पोचलो. देवळासमोर हारवाले, धूप, गर्दी. रिक्षांच्या थांब्यावर वेगळीच गर्दी दिसली. मी वाट काढत पुढं गेले.

लिंबाखाली पांढरं धोतर अंथरलेलं. त्यावर बॅटरीची काळी झाकणं ओळीनं मांडलेली, एकेकावर ते लाल अक्षर. आणि मधोमध अक्का, हातात रबरी मोजे, पदर खोचलेला, दोन लाकडी मुठींना बांधलेली बारीक तार घेऊन एका रिक्षाच्या डब्याचं झाकण कापायलेली. साबण कापतात तशी तार त्या काळ्या डिंकातून जात होती. एक मूठ तिच्या हातात, दुसरी महेबूबच्या. कंपनीची हीच बॅटरी आता तिथल्या बहुतेक रिक्षांना होती. तोंडानं तिची सरबत्ती चालू होती, कन्नडमध्ये कंपनीला, दखनीत रिक्षावाल्यांना, मराठीत सगळ्यांना मिळून. ‘‘घाबरायलास कामून? तुझी वस्तू हाय न्हवं? तुझ्या घराचं दार तू उघडायला भितोस का?’’

मागं एक म्हातारा रिक्षावाला आपली रिक्षा धरून उभा होता. तो पुढं यायला तयार नव्हता. ‘‘अक्का, खोले तो हमी जाती बोलते.’’

अक्का थांबली. तारेची मूठ तशीच हातात. ‘‘त्यांची हमी जाऊ दे. आजपास्नं माझी हमी. सेल मेला तर माझ्याकडं ये, खजुरीत कुणाला बी विचार.’’

तो हलला नाही. मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. किती महिन्यांनी भेटत होतो, मला वाटलं आता गळ्यात पडेल. ‘‘ये गणित! बघायलीस काय? धर हे टोक. महेबूबचं मनगट दुखायलंय.’’ मी चपला काढल्या, प्रसादाची पिशवी सासूबाईंकडं दिली आणि मूठ धरली. मूठ तळव्याला रुतत होती. झाकण निघालं. आत तिची पाचर, जशी लॅबमध्ये बघितली होती तशी, तिरकी आणि घट्ट बसलेली. अक्कानं झाकण उचलून धोतरावर बाकीच्यांच्या ओळीत ठेवलं, मोजा काढून आपला हिरव्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गर्दीला सांगू लागली. पाचर कशी सरकते. सेल कसा निघतो. परत कसा बसतो. चारी बाजूंनी लोकांनी मोबाईल वर धरले होते. तिनं कुणाला अडवलं नाही, उलट उजेडाच्या बाजूला सरकली.

सांगून झालं. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्या म्हाताऱ्यापाशी थांबवली.

‘‘कळलं का?’’

म्हातारा रिक्षा ढकलत पुढं आला, आपल्या डब्यावरचा तो लाल अक्षरांचा कागद नखानं टरकावला आणि तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला.